काटकसर एकट्याची नसते

१९७४ मध्ये पुण्यात हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. बाबा आढावांनी संघटित केलेले हे हमाल नाना पेठ, भवानी पेठेतल्या घाऊक बाजारात पोती वाहायचे. अनेकांची बायकापोरं गावी असायची. इथे एका खोलीत चारपाच जणांनी मिळून राहायचं आणि मिळेल तिथे जेवायचं. बहात्तरचा दुष्काळ नुकताच येऊन गेला होता, धान्याचे भाव चढलेले होते. दिवसभर पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाचं चहा-भज्यांवर भागत नाही आणि हॉटेलात पोटभर जेवायचं तर मजुरीतला मोठा हिस्सा तिथेच जातो. पंचायतीने हमालांना जपून खर्च करण्याचा उपदेश केला नाही, चूल पेटवली. ना नफा ना तोटा या हिशेबाने, कष्टकऱ्याला परवडेल अशा दरात साधं, ताजं जेवण मिळू लागलं.

काटकसरीचा विचार इथून सुरू करावा असं मला वाटतं. आपल्याकडे काटकसर हा स्वभावाचा गुण मानला जातो. तुटपुंज्या पगारात आजीने पाच मुलांचा संसार कसा ओढला, आजोबा बसचे पैसे वाचवून कचेरीत चालत कसे जायचे, या गोष्टी घरोघरी सांगितल्या जातात. त्या खऱ्या आहेत आणि आदराने सांगाव्यात अशाच आहेत. पण सांगताना त्यातला एक भाग सुटतो. आजोबा चालत जात, कारण कचेरी चालण्याच्या अंतरावर होती आणि रस्त्यावर माणसाला जागा होती. आजीचा हिशेब जुळायचा, कारण कोपऱ्यावर रेशनचं दुकान होतं, वाणी महिन्याच्या खात्यावर माल द्यायचा, मुलं नगरपालिकेच्या शाळेत शिकायची आणि आजारपणाला सरकारी दवाखाना होता. गुण त्या दोघांचा होता, आधार गावाचा होता. आधार काढून घ्यायचा आणि गुण तेवढा मागत राहायचा, तर हाती उरते ती ओढाताण.

पैसा जातो कुठे?

घरखर्चाच्या सरकारी पाहणीचा २०२३-२४ चा अहवाल पाहण्यासारखा आहे. देशात शहरी भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये निघाला, ग्रामीण भागात ४,१२२ रुपये. त्यातला अन्नावरचा वाटा शहरात सुमारे ४० टक्के, खेड्यात ४७ टक्के. पण खरी गोष्ट पुढे आहे. अन्नाच्या खर्चात सर्वांत मोठी बाब आता धान्य, दूध किंवा भाजी ही नाही. ती आहे पेयं आणि तयार खाद्यपदार्थ. शहरी घराच्या एकूण खर्चातले जवळपास ११ टक्के तिथे जातात, धान्यावर चार टक्क्यांहूनही कमी.

याला चोचले म्हणून मोकळं होता येईल. पण सकाळी सातला घर सोडून रात्री नऊला परतणारी, दोन्ही बाजूंचा दीड-दीड तास प्रवासात घालवणारी माणसं या आकड्यात आहेत. भाड्याच्या खोलीत गॅसची परवानगी नसलेली, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं यात आहेत. ज्याच्याकडे वेळ, ओटा किंवा सोबत नाही, त्याला पुडा फोडावाच लागतो. स्वस्तात नीट जेवायला पैशांइतकीच या तीन गोष्टींची गरज असते.

पाव किलो मटकी

स्वस्त जेवण म्हटलं की बेचव जेवण, हा समज मराठी स्वयंपाकघराने कधीच खोटा ठरवला आहे. पाव किलो मटकी घ्या. रात्री भिजत घातली, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधली, की दुसऱ्या दिवशी मोड येऊन ती दुपटीहून अधिक होते. पहिल्या रात्री तिची उसळ: परतलेला कांदा, कांदा-लसूण मसाला, दोन आमसुलं, गुळाचा खडा. सकाळी उरलेल्या उसळीत गरम पाणी आणि थोडं वाटण घालून कट वाढवला की मिसळ तयार. मूठभर मोड बाजूला ठेवले असतील तर तिसऱ्या वेळी मटकीभात. या पाव किलोतून पन्नासेक ग्रॅम प्रथिनं घरात येतात. चकचकीत पाकिटावर ‘हाय प्रोटीन’ छापून हीच प्रथिनं कितीतरी पट दराने विकली जातात.

दोडक्याच्या शिरांची चटणी, शिळ्या पोळीचा कुस्करा, ताकात कालवलेली शिळी भाकरी, वाटणात गेलेल्या कोथिंबिरीच्या काड्या: हे सगळं टाकून न देण्यातून जन्मलं आणि आवडीने खाल्लं गेलं. पुरणाची डाळ शिजवल्यावर उरणाऱ्या पाण्याची कटाची आमटी तर सणाच्या पानातला मान मिळवून बसली. या ज्ञानाला पाकशास्त्राच्या शाळा नव्हत्या. सासू, आई, शेजारीण यांच्या हाताखाली ते शिकलं गेलं. वापरात राहिलं नाही तर एका पिढीत ते संपेल.

मात्र ज्ञान असूनही हात बांधले जातात, ते ज्वारीच्या बाबतीत. मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी ही कष्टकऱ्याच्या पोटाची बांधणी होती. रेशनवर प्रामुख्याने गहू आणि तांदूळ येत राहिले, ज्वारीचा पेरा घटत गेला, आणि आज शहरातल्या दुकानात ज्वारी गव्हापेक्षा महाग आहे. २०२३ हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हा नाचणीची बिस्किटं आणि ज्वारीच्या लाह्यांचे पुडे मॉलमध्ये शिरले. शंभर ग्रॅम नाचणीत दुधाच्या जवळपास तिप्पट कॅल्शियम असतं. हे धान्य ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिजलं, त्यांनाच ते आता परवडेनासं झालं आहे. सोलापूर-मराठवाड्याच्या रेशनवर ज्वारी आणि कोकणाच्या रेशनवर नाचणी नियमित मिळाली, तर काटकसर आणि पोषण यांची सांगड सरकारी जाहिरातीशिवायही बसेल.

कोणाच्या वेळावर?

साधेपणाची गोष्ट निघाली की महर्षी कर्व्यांचं नाव येतंच. १८७५ मध्ये, सतराव्या वर्षी, मुरूडचा हा मुलगा परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्याला पायी गेला. तिथे वयाने लहान दिसतो म्हणून त्याला बसू दिलं नाही. पुढे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवताना ते विधवांसाठी स्वतः काढलेल्या हिंगण्याच्या आश्रमात चालत जात-येत. १०४ वर्षं जगले. स्वतःच्या विम्याची पाच हजारांची पॉलिसीही त्यांनी आश्रमाच्या नावे करून टाकली.

या त्यागापुढे मान लवतेच. पण त्यांच्या पत्नी बाया कर्वे यांचं ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्रही शेजारी ठेवून वाचलं पाहिजे. मिळकत संस्थेकडे वळते तेव्हा मुलांचं, घराचं, उद्याचं काय, ही चिंता कोणाच्या वाट्याला येते, ते त्यातून कळतं. मोठ्या माणसाच्या साध्या राहणीमागे बहुधा एका बाईचा न मोजलेला हिशेब असतो.

तो हिशेब आता निदान मिनिटांत मोजला गेला आहे. वेळेच्या वापराच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं आढळलं. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. मटकी भिजवणं, फडकं बांधणं, शिरा काढणं, भाकरी थापणं ही सगळी त्या २९९ मिनिटांतली कामं आहेत. घरातल्या पुरुषाने ‘बाहेरचं खाणं बंद करू’ असा निर्णय जाहीर करायचा आणि त्याची अंमलबजावणी बायकोने करायची, याला काटकसर म्हणता येत नाही. ती दुसऱ्याच्या वेळाची उधळपट्टी आहे. ज्याला घरचं जेवण हवं, त्याने कणीक मळायला शिकावं. मुलग्यांना तर दहावीच्या आत वरण-भात, एक उसळ आणि भाकरी यायलाच हवी.

पायी चालण्याचा हक्क

चालणं हा सर्वांत स्वस्त व्यायाम असं म्हणतात, आणि त्याचे फायदे निर्विवाद आहेत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्यात किमान दीडशे मिनिटं मध्यम स्वरूपाची हालचाल सांगते. रोज वीस-पंचवीस मिनिटं झपाझप चाललं की ती भरते. दहा हजार पावलांचा जो आकडा सगळ्यांच्या मनगटावर बसला आहे, तो कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून तो आला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात रोजच्या साडेचार हजारांच्या आसपास पावलांपासूनच मृत्यूचं प्रमाण घटलेलं दिसलं आणि साडेसात हजारांपुढे फरक थांबला. म्हणजे भाजी आणायला, मुलाला शाळेत सोडायला, स्टेशन गाठायला चाललेली पावलंही पुरेशी मोलाची आहेत. घड्याळ विकत घ्यायची गरज नाही.

तरीही ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या २०२४ च्या निबंधानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्क्यांच्या घरात आहे. लोक आळशी झाले, हे उत्तर मला पटत नाही. एखाद्या सत्तरीच्या बाईंबरोबर आपल्या शहरात घरापासून मंडईपर्यंत चालून पाहा. पदपथावर चढायलाच गुडघाभर उंच पायरी. चार पावलांवर विजेचा डीपी, पुढे आडव्या लावलेल्या दुचाकी. मग सोसायटीच्या गेटसाठी पदपथ कापून उतार केलेला, त्यापलीकडे उखडलेल्या फरश्या आणि अर्धवट उघडं चेंबर. फ्लेक्सच्या बांबूला वळसा घालायला त्या रस्त्यावर उतरतात आणि मागून हॉर्न वाजतो. दहा मिनिटांच्या या वाटेला त्या रिक्षाचे पैसे मोजतात, कारण पडल्यावर हाडाचा खर्च त्याहून मोठा आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्यांचा हिशेब चोख आहे. चुकलंय ते रस्त्याचं.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. रोजची जवळपास नव्वद. पुण्यात ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो. त्या दिवशी तिथे म्हातारी माणसं, लहान मुलं, व्हीलचेअरवरची माणसं दिसतात. उरलेले दिवस ती कुठे असतात, हा प्रश्न प्रत्येक नगरसेवकाला विचारायला हवा.

चूल पेटवणाऱ्या बायका

मिळून काटकसर करण्याची वाट महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगारांची पोटं खाणावळवाल्या बायकांनी भरली. धान्य आधी भरायचं आणि पैसे कामगाराचा पगार झाल्यावर मिळायचे, त्यामुळे त्या सावकाराच्या व्याजात अडकत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज त्यांच्या हातात पडलं. कामगाराचं स्वस्त जेवण टिकलं, आणि रांधणारीला तिच्या कष्टाचं मोलही मिळालं. त्याच्या तीनच वर्षं आधी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या होत्या. घरात पै-पै वाचवणाऱ्या या बायकांना पुरतं माहीत होतं की तेलाचा भाव फोडणी आखडून उतरत नाही.

सरकारनेही स्वस्त जेवण देऊन पाहिलं आहे. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर आली. केंद्रांसाठी जागा दिल्या गेल्या, पुढे कित्येक केंद्रांवर झुणका-भाकर सोडून बाकी सगळं विकलं गेलं. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी आली: दोन पोळ्या, भाजी, वरण, भात, दहा रुपयांत. शहरात एका थाळीचा खर्च पन्नास रुपये धरून वरचे चाळीस सरकारने द्यायचे अशी तिची रचना. टाळेबंदीत तिने असंख्य पोटांना आधार दिला. पण अशी योजना अर्थसंकल्पाच्या मर्जीवर जगते, आणि सरकार बदललं की तिची आबाळ होते. ‘कष्टाची भाकर’ टिकली, कारण ती जेवणाऱ्यांच्या स्वतःच्या संघटनेची होती. सरकारी पैसा आणि लोकांची मालकी या दोन्ही गोष्टी जिथे एकत्र येतील, तिथे ताट टिकेल.

दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत काटकसरीवर लिहिण्याचं कारण एवढंच, की पुढच्या वर्षाचे संकल्प याच दिवसांत होतात. त्यात तीन गोष्टी धराव्यात अशी वाचकांना विनंती आहे. घरातल्या प्रत्येकाने, पुरुषांनी आधी, आठवड्यातले काही स्वयंपाक आपल्या अंगावर घ्यावेत. जवळच्या अंतराला पायी जावं आणि जिथे पदपथ अडवलेला दिसेल तिथली तक्रार प्रभाग कार्यालयात लेखी द्यावी, एकट्याने नव्हे, शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन. आणि आपल्या गावातल्या बचत गटाची किंवा कष्टकऱ्यांची खाणावळ शोधून तिथे अधूनमधून जेवावं, नसेल तर ती उभी राहावी म्हणून हातभार लावावा. यातल्या कोणत्याही गोष्टीला फारसे पैसे लागत नाहीत, माणसं मात्र लागतात.