छंदाचे नीतिशास्त्र

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न आपल्या मध्यमवर्गीय घरांत जितक्या वेळा विचारला जातो, तितक्या वेळा दुसरा कोणताही प्रश्न क्वचितच विचारला जात असेल. एखादा पेन्शनर गृहस्थ रंगांची पेटी उघडून बसला, कॉलेजातील मुलगी दोन सुया व लोकरीचा गुंडा घेऊन कोपऱ्यात विसावली, किंवा कोणी माळ्यावरचा पेटीचरखा खाली काढून झाडूनपुसून ठेवला, की हा प्रश्न कोणाच्या तरी तोंडून निघतोच. विचारणाराच्या मनात दुष्टावा नसतो. यंत्रावर विणलेला स्वेटर पुष्कळदा नुसत्या लोकरीच्या किमतीत दुकानात मिळतो. आणि ज्या झाडाचे चित्र खिशातला फोन निमिषात टिपतो, त्याच झाडापायी आमचे गृहस्थ तीन रविवार खर्ची घालतात व अखेरीस ते झाड आंब्याचे की फणसाचे याविषयी घरात मतभेद राहतो तो राहतोच.

तेव्हा या प्रश्नाला हसून बगल देण्यापेक्षा त्यास सरळ सामोरे जावे हे बरे. जी वस्तू आपल्या हातून कधीही उत्तम होणार नाही, आणि जी विकत घेतली असता स्वस्त व सुबक मिळते, ती करण्यात सुजाण माणसाने आपल्या आयुष्याचे तास घालवावेत काय? हा प्रश्न केवळ करमणुकीचा नव्हे, तो नीतीचा आहे. कारण वेळ ही कोणाही एकट्याची मालमत्ता नसते, आणि कुटुंबात तर नसतेच नसते.

प्राचीनांनी या बाबतीत आपल्यापेक्षा अधिक मोकळे मन ठेवले होते असे दिसते. वात्स्यायनाच्या ग्रंथाचे नाव ऐकताच भलतीच कल्पना करून घेणाऱ्यांस बहुधा ठाऊक नसते, की त्यात सुसंस्कृत नागरकाच्या खोलीचे जे वर्णन आहे, त्यात खुंटीला अडकविलेली वीणा आहे, चित्र काढण्याचा फलक आहे, कुंचल्यांची डबी आहे, वाचावयास एखादे पुस्तक आहे. इतकेच नव्हे, तर जरा एकान्ताला लाकूडकाम व सूतकताई यांसाठी राखून ठेवलेली जागाही आहे! ॲरिस्टॉटलने राजनीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या अखेरच्या भागात मुलांच्या शिक्षणाचा विचार केला आहे. तेथे तो म्हणतो, की चित्रकला शिकावयाची ती केवळ वस्तू विकत घेताना फसगत होऊ नये म्हणून नव्हे, तर आकाराचे सौंदर्य पारखणारी दृष्टी यावी म्हणून. मात्र संगीतात धंदेवाइकांच्या स्पर्धेस उतरण्याइतके प्रावीण्य स्वतंत्र नागरिकाने मिळवू नये, असेही तो बजावतो. अपूर्ण कौशल्याला इतके प्रतिष्ठित समर्थन दुसरीकडे मिळणे कठीण. परंतु या दोन्ही चित्रांत एक गोष्ट पडद्याआड राहिली आहे. नागरकाच्या घरी सेवक राबत होते आणि ग्रीक नागरिकाच्या घरी गुलाम. त्यांच्या फुरसतीचे मोल दुसरा कोणी तरी देत होता. या मुद्द्याकडे आम्हांस पुढे परत यावयाचे आहे.

छंदावर खरा आघात करतो तो उपयुक्ततावादी नव्हे, तर कर्तव्यवादी. देशात इतके दारिद्र्य असता स्वतःच्या सुखाकरिता रेघोट्या ओढीत बसणे योग्य काय, असे तो विचारतो. आपल्याकडे हा वाद एकदा मोठ्या तोलामोलाच्या दोन पुरुषांमध्ये झाला. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावच्या काँग्रेसने, महात्मा गांधी अध्यक्ष असताना, सभासदत्वासाठी दरमहा २००० वार सुताची अट स्वीकारली. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात रवींद्रनाथांनी ‘मॉडर्न रिव्ह्यू’मध्ये चरख्याच्या या संप्रदायावर टीका केली. सर्वांनी एकच क्रिया पुनःपुन्हा करीत राहण्याने मन बधिर होते, असा त्यांचा आक्षेप होता. गांधींनी नोव्हेंबरात ‘यंग इंडिया’तून उत्तर दिले, की कवीने वीणा टाकावी असे आपले म्हणणे नाही, राष्ट्रासाठी यज्ञ म्हणून त्याने रोज अर्धा तास मात्र द्यावा.

आमच्या मते दोघांच्याही म्हणण्यात सत्याचा अर्धाअर्धा वाटा आहे. हुकमाने काढलेल्या सुतात आनंद राहत नाही, हे रवींद्रनाथांचे म्हणणे खरे. पण बधिरता ही क्रियेच्या पुनरावृत्तीत नसून सक्तीत असते, हे त्यांनी पुरतेपणी ध्यानात घेतले नाही. तीच क्रिया माणसाने आपण होऊन स्वीकारली की तिचा गुण पालटतो. खुद्द रवींद्रनाथ त्याच सुमारास हस्तलिखितातील खोडलेल्या ओळींना आकार देता देता चित्रकार होऊ लागले होते. चित्रकलेचे रीतसर शिक्षण न झालेल्या या हाताची चित्रे १९३० मध्ये, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर, पॅरिसमध्ये प्रदर्शित झाली. त्या रेघोट्यांचा उपयोग काय, असे त्यांना कोणी विचारले असते तर त्यांनी काय उत्तर दिले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

येथे कोणी म्हणेल, रवींद्रनाथांची गोष्ट वेगळी. ते प्रतिभावंत होते. ज्यांना प्रतिभा नाही अशांनी काय करावे? खरा विचार अशांचाच व्हावयास हवा, कारण आपली गणना त्यांतच आहे. अशा माणसाच्या हातून कलाकृती निर्माण होत नाही हे मान्य. मग काय होते? तो पाहावयास शिकतो. आंब्याची पाने फांदीच्या टोकाशी झुबक्याने येतात, ही गोष्ट वीस वर्षे त्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसले तरी ध्यानात येत नाही; पेन्सिल हाती घेतल्यावर पहिल्या अर्ध्या तासात येते. सावली काळी नसते, हेही रंग कालवू लागल्यावाचून कळत नाही. रस्किनने १८५७ साली नवशिक्यांसाठी चित्रकलेवर पुस्तक लिहिले, त्याच्या प्रस्तावनेत त्याने हेच सांगितले आहे, की चित्र काढता यावे म्हणून निसर्गाकडे बघणे शिकविण्यापेक्षा निसर्गावर प्रेम जडावे म्हणून चित्र काढणे शिकविणे त्याला अधिक पसंत आहे.

विणकाम आणि सूतकताई यांचा धडा याहून निराळा, पण तितकाच मोलाचा आहे. विणकामात मुळात टाके दोनच, सुलट आणि उलट; सारी नक्षी त्यांच्याच मेळातून निघते. एक टाका सुटला आणि तो तसाच राहू दिला, तर खालपर्यंत ओळ उसवत जाते. तेव्हा सुटलेला टाका मागे जाऊन उचलावाच लागतो. चरख्यावर एका हाताने चाक फिरवावयाचे व दुसऱ्या हाताने पेळूतून धागा ओढावयाचा, आणि दोहोंचा मेळ बसवावयाचा. ओढ अधिक झाली की धागा तुटतो. कमी झाली की जाडाभरडा होतो. चूक झाली ती कोठे झाली हे तत्क्षणी दिसते, आणि तिचे खापर दुसऱ्यावर फोडता येत नाही. आमच्यासारख्या शब्दांवर पोट भरणारांस तर हे शिक्षण विशेष हितकर होय. अर्थ पुरता समजला नसतानाही वाक्य उभे करता येते, आणि ते टाळ्याही मिळविते. पीळ बसल्यावाचून सूत मात्र उभे राहत नाही.

याच शिक्षणातून एक सामाजिक गुण उपजतो. ज्याने अर्धा वार का होईना स्वहस्ते काही विणले आहे, तो येवल्याच्या पैठणीच्या पदरावरील मोराकडे निराळ्या नजरेने पाहतो. रंगारंगाच्या लहान कांड्या हाताने फिरवीत धागा मोजून घातलेले ते काम किती दिवसांचे असेल, याचा अंदाज त्याच्या बोटांना येतो, आणि भाव करताना त्याची जीभ आपोआप आवरते. ॲरिस्टॉटलला ग्राहकाची फसगत होण्याची चिंता होती. आम्हांस वाटते, छंदाने टळते ती ग्राहकाच्या हातून होणारी कारागिराची फसगत. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः कुंचला धरीत. त्यांच्या चित्रांचे रामायण १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. थोर चित्रकारांत त्यांची गणना होवो वा न होवो. पण इतरांची उत्तम कामे मिळवून १९३८ मध्ये औंधला त्यांनी जे संग्रहालय उभारले, त्याच्या मुळाशी त्यांची ही हौस होती हे निःसंशय.

असा हा निर्मळ झरा आपण दोन प्रकारे गढूळ करतो. पहिला प्रकार मुलांच्या बाबतीत. आठवी-नववीतील मुलगा चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षांस बसतो, कारण इंटरमीजिएट उत्तीर्ण झाल्यास दहावीला वाढीव गुण मिळतात. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते. परीक्षा वाईट नव्हे. पण त्या मुलाला आपण हेच शिकविले, की ज्याला गुण नाहीत ते करावयाचे नाही. त्याचेच मोठे रूप म्हणजे केलेले प्रत्येक काम ताबडतोब चारचौघांच्या कौतुकासाठी मांडण्याची आजची हौस. डोळा पानावरून उठून बघ्यांकडे लागला, की पाहणे तेथेच संपले.

दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे, आणि मागे राखून ठेवलेला मुद्दा तो हाच. आपल्या घरांतील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या रांगोळी काढीत, वाती वळीत, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवीत आल्या. त्या गोधडीच्या टाक्यांत जी सौंदर्यदृष्टी दिसते ती कोणत्याही चित्रफलकास लाजविणारी आहे. परंतु तिला कोणी छंद म्हटले नाही, ते ‘काम’ होते. आजही रविवारी सकाळी गृहस्वामी चित्र काढीत बसतो तो ‘छंद’, आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात जे चालते ते अर्थातच कर्तव्य! ज्या छंदासाठी लागणारा वेळ दुसऱ्याच्या विश्रांतीतून कापून घेतलेला असतो, त्यातून दृष्टी कितीही सूक्ष्म झाली तरी नीतीच्या वहीत तो येण्याच्या बाजूला मांडता येणार नाही. नागरक आणि ग्रीक नागरिक यांच्या फुरसतीतील दोष आपण दिवाणखान्यात जसाच्या तसा पाळीत आहो.

म्हणून मूळ प्रश्नाचे आमचे उत्तर असे. जे उत्तम होणार नाही तेही करण्याचा माणसास अधिकार आहे. कारण त्यातून वस्तू बेतास बात निपजली तरी करणारा अधिक सावध, अधिक प्रामाणिक व दुसऱ्याच्या श्रमाविषयी अधिक आदरशील होतो. परंतु हा अधिकार घरातील एकाचा नसून सर्वांचा आहे. दिवसातील एक तास असा असावा, की ज्याचा हिशेब घरातल्या कोणी कोणास विचारू नये. आणि तो तास प्रथम तिला मिळावा, जिला आजवर तो कोणी देऊ केलेला नाही. ती त्या तासात विणील, रंगवील किंवा नुसती खिडकीशी बसेल. ‘याचा उपयोग काय?’ असे मात्र तिला कोणी विचारू नये.