लेकराच्या पदरी कोणाचे कर्म?

गेल्या माघात लातूर जिल्ह्यातील एका गावी सप्ताहाची सेवा होती. काल्याचे कीर्तन आटोपून, प्रसाद घेऊन आम्ही देवळाच्या पारावर बसलो होतो. तेवढ्यात एक म्हातारी माउली आठ-नऊ वर्षांच्या नातवाला दंडाला धरून घेऊन आली. पाया पडून म्हणाली, "महाराज, ह्या लेकराला काहीतरी सांगा. शाळेत पोरांना मारतंय, घरी आलं की बोलत नाही, रातचं दचकून उठतंय. मागल्या जन्मीचं काय घेऊन आलंय, पांडुरंगालाच ठाऊक!"

पोर मान खाली घालून उभे होते. आम्ही न्याय-वेदान्ताचे ग्रंथ गुरुजींच्या पायाशी बसून घोकलेले. पण त्या एका वाक्यापाशी अडलो. कारण तेच वाक्य एकदा आमच्याही तोंडून गेले होते.

३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट मराठवाडा विसरणार नाही. गणपती विसर्जन करून लोक निजले होते. चारच्या सुमारास किल्लारीची भूमी हादरली. दगडमातीची घरे निजलेल्या माणसांवर बसली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास जीव गेले. पुढे वर्षा-दीड वर्षाने त्या भागात पत्र्याच्या शेडांच्या एका वस्तीत आमचे कीर्तन झाले. मृदंग रंगात आला आणि एक सात-आठ वर्षांचा मुलगा किंचाळत, बायामाणसांना तुडवीत पळत सुटला. आम्ही नारदाच्या गादीवरून म्हणालो, "ज्याचे पूर्वसुकृत नाही, त्याला नाम ऐकवत नाही." मंडळी हसली. कीर्तन संपल्यावर विणेकऱ्याने आम्हांला बाजूला घेतले. "महाराज, ते पोरगं मातीखालून काढलेलं आहे. आई निघाली नाही. मृदंगाचा घुमारा झाला की त्याला त्या रातीचा आवाज वाटतो."

सज्जनहो, आम्ही निरुत्तर झालो. परंतु त्या मुलाला शोधून त्याच्या डोक्यावर हात ठेवावा, एवढेही आम्हांला सुचले नाही. सकाळी पुढच्या गावाला निघून गेलो.

आता प्रश्न असा की, लेकराचे वागणे बिघडते ते कशाने? पूर्वपक्षी म्हणेल, प्रारब्धाने. आणि प्रारब्ध तर भोगूनच सरते, मग उपाय कसला? यावर आमचे म्हणणे असे. शास्त्राने कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भाग केले, त्यांतले क्रियमाण आपल्या हाती ठेवले. मोठ्या माणसाचे क्रियमाण त्याचे त्याच्यापाशी. लेकराचे तसे नाही. आपण आज त्याच्याशी जसे वागतो, ते आपले क्रियमाण त्याच्या पदरी पडते आणि उद्या आपणच त्याला त्याचे प्रारब्ध म्हणतो! कर्मसिद्धान्त हा स्वतःचे कर्तव्य सांगणारा आहे. दुसऱ्याच्या दुःखावर दगड ठेवून मोकळे होण्यासाठी नव्हे.

पतंजलींनी योगसूत्रांत दुःखाचा मोठा मार्मिक विचार केला आहे. भाष्यकार तो उलगडतात: गेलेले दुःख भोगून सरले, चालू क्षणीचे भोगलेच जात आहे, म्हणून टाळण्याजोगे उरते ते न आलेले दुःख. आग लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण शेतातही जाणतो. मग लेकरू पंधराव्या वर्षी हाताबाहेर गेले म्हणजेच आपल्याला जाग का यावी?

आजच्या संशोधकांनी हेच न आलेले दुःख टाळण्याचे मार्ग प्रत्यक्ष करून, मोजून पाहिले आहेत. अमेरिकेतील कॅन्सस येथे एक खेळ निघाला. त्याचा वृत्तान्त १९६९ साली छापून आला. वर्गाचे दोन गट करायचे, नियम आधी स्पष्ट सांगायचे, कोणी नियम मोडला तर त्याच्या गटाच्या नावे खूण. ज्या गटाच्या खुणा कमी, तो जिंकला, आणि दोन्ही गट मर्यादेत राहिले तर दोन्ही जिंकले. छडी नाही, शिवी नाही. पुढे १९८० नंतरच्या दशकात बाल्टिमोर शहरी पहिलीच्या वर्गांत हा खेळ लावला आणि ती मुले विशीची होईतो त्यांची विचारपूस ठेवली. लहानपणी जी मुले फार दांडगी होती, त्यांच्यात व्यसने व गुन्हेगारी वृत्ती खेळ न लाभलेल्या तशाच मुलांपेक्षा कमी आढळली.

परदेश कशाला? गोव्यातील 'संगाथ' या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात पन्नासच्या आसपास शाळांत नववीच्या मुलांसाठी एक कार्यक्रम चालविला: परिपाठात चर्चा, भित्तिपत्रक, मनातले लिहून टाकायची पेटी, आणि ज्याला गरज त्याच्याशी एकान्ती बोलणे. काही शाळांत हे काम शिक्षकांनी केले, काहींत त्यासाठीच नेमलेल्या साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांनी. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नेमलेल्या माणसांच्या शाळांत वातावरण सुधारले, दादागिरी कमी झाली, मुलांची खिन्नता उतरली. शिक्षकांच्या शाळांत मात्र तसा फरक पडला नाही. कार्यक्रम तोच, फळ वेगळे!

आपल्या मराठवाड्यातही २००९ साली बीड जिल्ह्यातील पाचशे शाळांत 'मूल्यवर्धन' कार्यक्रम सुरू झाला. तो चालविणारी भारतीय जैन संघटना म्हणजे भूकंपानंतर आपल्या भागातील सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेणारीच.

येथे कोणी शंका घेतील, "महाराज, आपल्याकडे हरिपाठ आहे, दिंडी आहे, हे प्रयोग कशाला?" हरिपाठाचे मोल आम्ही काय सांगावे? पण नालंद्याची गोष्ट आम्हांलाच टोचते. चांगला हेतू आणि चांगले शब्द असले म्हणजे लेकरापर्यंत पोचले, असे होत नाही. चाळीस वर्षे आम्ही कीर्तने केली. सप्ताह उठल्यावर त्या गावातील किती लेकरांच्या पाठीवरचे वळ थांबले, हे आम्ही एकदाही विचारले नाही. संशोधन म्हणजे दुसरे काय? आपल्या करण्याचे फळ खरोखर आले की नाही, हे अहंकार सोडून पाहणे. हा तर साधकाचाच धर्म आहे.

आणि आजचे भूकंप भूमीतूनच येतात असे नाही. लातूर-नांदेडास शिकवण्यांसाठी खेड्यापाड्यांतून मुले येतात, भाड्याच्या खोलीत राहतात. घरून फोन येतो तो गुणांची चौकशी करणारा. 'जेवलास का' हे विचारायचे राहून जाते. गुण कमी पडले तर आपली माया कमी होणार नाही, हे लेकराला परीक्षेच्या आधी कळले पाहिजे. नंतर सांगून काय उपयोग? मन फारच खचले तर सरकारची 'टेलिमानस' ही फुकट सेवा आहे, क्रमांक १४४१६. ताप आल्यावर दवाखान्यात जातो, तसेच हे. त्यात लाज कसली?

त्या नातवाला आम्ही उपदेश केला नाही. माउलीला विचारले, "याचे मायबाप कुठे आहेत?" "ऊसतोडीला गेलेत, दिवाळीपासून." मुलाच्या हाती टाळ दिला, संध्याकाळी हरिपाठात शेजारी उभे केले. तो बोलला नाही. सकाळी आमची पिशवी घेऊन एस्टीच्या थांब्यापर्यंत आला आणि हळूच विचारता झाला, "महाराज, पाडव्याला किती दिस राहिले?"

माउलीने पदर डोळ्यांना लावला. मागल्या जन्मीचे म्हणून जे ती समजत होती, ते मायबापांच्या वाटेकडे बसून दिवस मोजणे होते.

वाचकहो, गावोगावी सप्ताह होतात. पुढच्या सप्ताहात एवढे करा: जी लेकरे मागे राहिली आहेत त्यांची यादी करा, प्रत्येकाकडे एका शहाण्या माणसाने रोज घटकाभर बसावे, आणि वर्षाने त्या लेकरांची खबर घ्यावी. कीर्तनात एखादे मूल उठून पळाले तर हसू नका; मागून एकाने जावे. आम्ही गेलो नाही, म्हणून सांगतो.