‘पुरेसें’ म्हणजे किती?

गिरगांव चौपाटीवरून मरीन ड्राइव्हच्या कठड्याकडेनें फिरावयास जाणाऱ्या आम्हां मुंबईकरांस, पायांखालची भूमि समुद्राकडून घेतलेली आहे याचें सहसा स्मरण राहत नाहीं. १९२० नंतर बॅकबेचा भराव सुरू झाला तेव्हां तो आठ विभागांत व्हावयाचा होता. पुरे झाले चारच. गाळ उपसण्याचा वेग अंदाजाहून फार कमी पडला आणि खर्च मात्र अंदाज ओलांडून गेला. खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनीं हा कारभार चव्हाट्यावर आणिला, त्यापायीं अब्रूनुकसानीचा खटला सोसला, व १९२८ सालीं ते निर्दोष सुटले. कोणी म्हणेल, तें जुनें झालें. आज शास्त्र पुढें गेलें आहे.

गेलें आहे खरेंच. १९१६ सालीं मुंबई इलाख्यानें काढलेल्या आणि पुढें खडकवासल्यास स्थिरावलेल्या जलसंशोधन संस्थेंत बंदरांच्या व किनाऱ्यांच्या प्रतिकृति करून त्यांवर लाटा सोडतात. प्रतिकृति शंभरपट लहान केली कीं काळ दहापट आखडतो. दहा सेकंदांची लाट तेथें एका सेकंदांत येऊन जाते. बांध बांधण्यापूर्वींच त्याचे दगड कोणत्या लाटेला हलतील हें कळावें, ही मनुष्यबुद्धीची थोडीथोडकी करामत नव्हे.

परंतु वरळीच्या कोळ्यांनीं घातलेला प्रश्न अशा कुंडांत सुटणारा होता काय? सागरी किनारा मार्गाचा पूल क्लीव्हलँड बंदराच्या तोंडावरून जावयाचा होता. दोन खांबांमधील गाळा ६० मीटरांचा पुरेसा आहे, असें महापालिकेचें म्हणणें. उधाणाच्या वेळीं, वारा आडवा असतां, खडक चुकवून होडी आंत आणणारे नाखवे याहून कितीतरी अधिक मागत होते. काम महिनोन् महिने अडलें. अखेर २०२२ साल सरतां सरतां गाळा १२० मीटरांचा करण्याचें ठरलें.

यांत शास्त्र हरलें आणि अनुभव जिंकला, असें आम्ही म्हणत नाहीं. नाखव्यांसही आपला स्वार्थ असतो, आणि मागणारा थोडें चढवूनच मागतो, हें घासाघीस करून मासळी घेणाऱ्या आमच्या वाचकांस सांगावयास नको! आमचा मुद्दा निराळा आहे. इतक्या रुंदींत लाट कशी वागेल, हें गणितानें सांगतां येतें. ‘इतकी रुंदी पुरेशी’ हें मात्र गणित सांगत नाहीं. किती धोका चालेल आणि तो कोणीं पत्करावयाचा, हें आधीं ठरल्यावांचून ‘पुरेसें’ या शब्दास अर्थच येत नाहीं.

शिवाय चूक दोहोंकडून होऊं शकते, पण दोन चुकांचें मोल सारखें नाहीं. गाळा उगाच मोठा झाला तर जादा पैसा जातो. तो लक्षावधि करदात्यांत वांटला जाऊन कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. गाळा अपुरा पडला तर एखाद्या पावसाळी रात्रीं एकच होडी खांबावर जाते. तें नुकसान वांटून घेतां येत नाहीं. म्हणून ज्याच्या वांट्यास दुसरी चूक येणार, त्यास खांबांच्या जागा मुक्रर होण्यापूर्वीं विचारावयास हवें होतें असें आम्हांस वाटतें. वरळीस तो विचारविनिमय काम अडल्यानंतर झाला. पूल आतां खुला झाला आहे. मोटारींतून आम्ही त्या गाळ्यावरून क्षणांत पार होतों, आणि खालीं होड्या आहेत कीं नाहींत हें वरून दिसत नाहीं.