सीताखाईच्या काठावर

सुंदर देखावा पाहून होणारा आनंद अगदी निर्मळ असतो, असे आपण धरून चालतो. तो कुणाचे काही घेत नाही, कुणाचे काही बिघडवत नाही. माझाही समज तसाच होता. गेल्या आश्विनात तोरणमाळला जाऊन आलो आणि त्या समजाला तडा गेला.

शहाद्याहून तोरणमाळ पन्नासेक किलोमीटर. सकाळची न्याहारी आटोपून आम्ही घरची मंडळी गाडीने निघालो. म्हसावदपर्यंत दुतर्फा केळी, ऊस, पपई. राणीपूर मागे पडले तशी सपाटी संपली आणि घाटाची वळणे सुरू झाली. हा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून थिजलेला लाव्हारस, असे मी नातीला समजावीत होतो. तिला मात्र माकडांत अधिक गोडी होती. वर यशवंत तलावाचे निवांत पाणी पाहिले आणि उन्हे कलताना सीताखाईच्या काठावर येऊन उभे राहिलो. तिथे बोलणे आपोआप थांबले. पायाखालची जमीन एकाएकी संपते आणि खोल दरीतला वारा अंगावर येतो.

तेवढ्यात पायवाटेने एक आदिवासी बाई डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन आली. "बाई, जरा थांबता का?" मी मोबाइल काढीत म्हटले. पाठीमागे दरी, पुढे ती. चित्र छान जमत होते. ती थांबली. मी तिला जरा डावीकडे सरकायला सांगितले. मग आणखी थोडे.

"अहो, त्यांच्या डोक्यावर ओझं आहे ना!" पत्नी म्हणाली.

मी शरमलो. मोळी उतरवायला हात लावला, तेव्हा तिचे वजन कळले.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने 1790 साली उदात्ततेची मीमांसा केली. कडे, वादळे, प्रपात आपल्याला भव्य वाटतात, ते आपण स्वतः सुरक्षित असतो म्हणून, असे तो म्हणतो. संस्कार न झालेल्या मनाला तिथे केवळ भय दिसते, असेही त्याचे मत. हिमशिखरांच्या नादी लागणाऱ्यांना मूर्ख ठरवणाऱ्या आल्प्समधल्या एका शेतकऱ्याचा तो दाखला देतो. मला ते पटले. सातपुड्यातल्या कित्येक पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. झोळीला खांदा देणाऱ्याला दरी रम्य कशी वाटावी? सौंदर्य हा भरल्या पोटाचा चोचला, असे मनाशी म्हणत मी अपराध्यासारखा उभा राहिलो.

बाई पाणी प्यायली, पदराने तोंड पुसले आणि काही वेळ दरीकडे पाहत राहिली. मग मोडक्या मराठीत म्हणाली, "सकाळी यायचं. ढग खाली राहतात, आपण वर." आणि हसली.

ओझ्याने तिची दृष्टी हिरावली नव्हती. दरी कोणत्या वेळी पाहावी हे आमच्यात तिलाच ठाऊक होते. आधी मी तिचे ओझे पाहिले नाही, ही माझी पहिली चूक. नंतर ओझ्यापलीकडे काहीच पाहिले नाही, ही दुसरी. आणि ती सभ्य दिसते म्हणून अधिक फसवी. एकदा मी तिला चित्रातली शोभा केली, एकदा कीव करण्याचा विषय केला. माझ्याइतकीच तीही पाहणारी आहे, हे दोन्ही वेळा सुटले.

म्हणून काही देखावे पाहण्याचा आनंद पाप ठरत नाही. पण तिला दरी आवडते म्हणून तिची रस्त्याची, दवाखान्याची गरज उणी होत नाही. आणि ती गरज आहे म्हणून दरीवरचा तिचा हक्कही उणा होत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवणे कठीण खरे, पण तेवढे तरी आपण त्या डोंगराचे देणे लागतो.

मोळी चढवायला मुलाने हात दिला. बाई वळणाआड गेली. छायाचित्र राहूनच गेले.

यंदा पहाटेच निघायचे, असे घरात ठरले आहे.