वॉरंटी गाडीची की वागणुकीची?

नाशिकमध्ये गाडीत हात घालायची सवय जुनी आहे. सातपूरच्या मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, डिझेलचे इंजेक्टर घडवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांची मुलं कंपनीने दिलेली गाडी तशीच्या तशी थोडीच वापरणार? त्यात इथे मोटार रॅलीचं वेड. त्यामुळे गाडीत बदल केला की वॉरंटी जाते का, हा वाद कट्ट्यावर कायम ताजा असतो.

ओळखीतल्या एकाने नव्या गाडीला बाहेरून जादा दिवे बसवून घेतले. काही महिन्यांनी स्टिअरिंग खडखडू लागलं. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बॉनेट उघडलं, जोडलेल्या वायरी पाहिल्या आणि दावा फेटाळला. दिव्यांचा स्टिअरिंगशी काय संबंध, असं विचारल्यावर पुस्तिकेतल्या कलमावर बोट ठेवलं.

मला खटकतं ते हेच. आम्ही बनवलेल्या वस्तूत खोट निघाली तर ती आमची, हे वॉरंटीतलं वचन. कारखान्यात राहून गेलेली खोट मालकाने नंतर दिवे लावले म्हणून मालकाची होत नाही. कलम असं वापरलं की ती शिक्षा होते, आणि शिक्षा द्यायचा अधिकार विक्रेत्याला कुणी दिला?

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना सुट्या भागांच्या प्रकरणात सुमारे 2,544 कोटींचा दंड केला, तेव्हा हाच धागा पकडला होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका. चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच करा. प्रकरण पुढे वर गेलं, आणि तो आदेश होता दुरुस्तीबद्दल, बदलांबद्दल नव्हे. पण तर्क तोच लागू पडतो. अमेरिकेत 1975 च्या कायद्यानेही कंपनीचेच सुटे भाग वापरण्याची अट वॉरंटीला जोडायला मनाई केली.

ट्रॅकवाल्यांची बाजू मात्र मला इतकी सहज पटत नाही. कोईमतूरच्या कारी स्पीडवेवर दिवसभर गाडी पिळायची, संगणकात बदल करून टर्बोचा दाब वाढवायचा, क्लच जळाला की जुना प्रोग्राम परत टाकून साळसूदपणे सर्व्हिस सेंटरला जायचं. 'कंपनीला काय फरक पडतो?' कंपनीला नसेल पडत. वॉरंटीचा खर्च किमतीतच धरलेला असतो. म्हणजे याचा क्लच कर्जाचे हप्ते भरत रोज सिडको ते अंबड जाणारा कुणीतरी भरतो. (जाहिरातीत गाडी नदीनाले उडवत दाखवायची आणि खाली बारीक अक्षरांत हात वर करायचे, हा कंपन्यांचा साळसूदपणाही काही कमी नाही.)

उरतो प्रश्न सिद्ध कुणी करायचं याचा. ट्रॅकवर एकदाच गेलेल्या, काहीही न बदललेल्या गाडीचा गिअरबॉक्स सहा महिन्यांनी गेला, तर? आजच्या गाड्यांचे संगणक बऱ्याच गोष्टी नोंदवून ठेवतात. त्या पूर्णपणे वाचायची साधनं कंपनीकडे असतात, मालकाकडे नसतात. मग संबंध आहे हे कंपनीनेच दाखवावं. नकार देताना ती नोंद छापून मालकाच्या हातात ठेवायला कितीसा वेळ लागतो?