जेटची गोष्ट पात्यापासून सांगावी

मुलांना जेट विमान समजावताना आपण बहुधा फुगा फुगवून सोडून देतो. हवा मागे सुटते, फुगा पुढे पळतो. धक्का कसा मिळतो एवढं त्यातून कळतं. पण फुग्यात हवा एकदाच भरलेली असते. जेट इंजिनाला ती सतत ओढून घ्यावी लागते, दाबावी लागते, तिच्यात इंधन जाळावं लागतं. आणि हवा दाबायची ताकद त्याच जळत्या वायूच्या झोतात फिरणाऱ्या चाकाकडून, म्हणजे टर्बाइनकडून, मिळवावी लागते. पहिल्या जेट लढाऊ विमानांची सर्वांत मोठी अडचण या चाकाच्या पात्यांत होती आणि फुगा नेमकी तीच झाकतो. मुलाला वाटतं, कुणा हुशार माणसाला कल्पना सुचली आणि विमान उडालं. दुसऱ्या महायुद्धातल्या जेटची गोष्ट पात्यापासून सुरू करावी असं मला ठामपणे वाटतं, कारण तशी सांगितली तरच वेगाच्या आकर्षणामागचं युद्ध दिसू लागतं.

कल्पना तर जुनीच होती. ब्रिटिश हवाई दलातल्या फ्रँक व्हिटलने १९३० मध्येच पेटंटसाठी अर्ज केला होता. १९३५ मध्ये नूतनीकरणाचे ५ पौंड भरायला सरकार तयार झालं नाही आणि पेटंट बाद झालं. जर्मनीत हान्स फॉन ओहाइनच्या इंजिनावर हाइनकेल १७८ हे विमान २७ ऑगस्ट १९३९ रोजी, युद्ध पेटण्याच्या पाच दिवस आधी उडालं. तरीही मेसरश्मिट २६२ हे जर्मन जेट लढाऊ विमान लढाईत उतरायला १९४४चा उन्हाळा उजाडला. या पाच वर्षांचं उत्तर बऱ्याच अंशी धातूत आहे. टर्बाइनची पाती लालबुंद तापतात आणि मिनिटाला आठ हजारांहून अधिक फेरे घेतात. त्या उष्णतेत न ताणली जाता टिकायला निकेल, क्रोमियम, कोबाल्ट यांची मिश्रणं लागतात, आणि जर्मनीला त्यांचीच टंचाई होती. म्हणून या विमानाच्या युमो ००४ इंजिनात ज्वलनकक्षांसाठीही साध्या पोलादावर ॲल्युमिनियमचा लेप देऊन भागवलं गेलं. असं इंजिन १० ते २५ तासांत निकामी व्हायचं. विमान ताशी सुमारे ८७० किलोमीटर वेगाने जायचं, अमेरिकी मस्टँग या लढाऊ विमानापेक्षा दीडशेने जास्त. पण थ्रॉटल घाईने पुढे सारला तर इंजिन पेट घेई किंवा बंद पडे. त्यामुळे उतरताना वैमानिकाला झटकन वेग वाढवता येत नसे, आणि मस्टँगवाले धावपट्टीजवळ नेमकी तीच वेळ साधत. ब्रिटिशांचं ग्लॉस्टर मीटिअर त्याहून बरंच संथ होतं, मात्र त्याची इंजिनं कितीतरी अधिक टिकाऊ होती. जुलै १९४४ मध्ये ते सेवेत आलं आणि व्ही-१ हे जर्मन उडते बॉम्ब पाडू लागलं. या दोन जेटांची आपसात लढाई कधी झालीच नाही.

यावर एक जुना आक्षेप आहे. हिटलरने मेसरश्मिट २६२ला बॉम्बफेकी विमान करण्याचा हट्ट धरला, नाहीतर ते वेळेवर आलं असतं, असं अनेक पुस्तकं सांगतात. तो हट्ट खरा होता, त्याने गोंधळही वाढवला. पण १९४४च्या मध्यापर्यंत पुरेशी इंजिनंच तयार होत नव्हती. विमान कुठल्याही नावाने उडवायचं ठरलं असतं तरी ती आली नसती. एका माणसाच्या चुकीवर सगळं ढकलण्यात एक धोकाही आहे. ‘थोडं आधी आलं असतं तर?’ या प्रश्नात मूल नकळत त्या विमानाच्या यशाची आस धरून बसतं, आणि ते यश कोणाचं झालं असतं हे विचारायचं राहून जातं.

पात्याची वाट धरली की हा प्रश्न टळत नाही. धातू नाही, इंधन नाही, कारखान्यांवर बॉम्ब पडताहेत, तरी सुमारे १,४०० मेसरश्मिट २६२ बांधली गेली. ती बांधली कुणी? ऑस्ट्रियात सांक्ट गेओर्गन इथे डोंगर पोखरून केलेल्या बोगद्यांत या विमानांची धडं तयार होत, आणि ते काम गुझेन छळछावणीतल्या कैद्यांकडून करवून घेतलं जाई. त्यांतले हजारो उपासमारीने, मारहाणीने आणि श्रमाने मेले. हे मुलांना सांगू नये, त्यांचं वय नाही, असं म्हणणाऱ्यांची काळजी मला समजते. छळाचे तपशील लहानांसमोर मांडू नयेत हेही मान्य. पण ‘हे विमान पकडून आणलेल्या माणसांनी बनवलं, त्यांना पोटभर अन्न मिळत नव्हतं’ एवढं वाक्य दहा वर्षांच्या मुलाला पेलतं. विमानावरच्या तोफा किती मिलिमीटरच्या होत्या हे त्याला सांगायला आपण कचरत नाही. त्या तोफा माणसं मारण्यासाठीच होत्या.

शिवाय वयाचं बंधन हिटलरच्या राजवटीने पाळलं नव्हतं. १९४४च्या शेवटी हाइनकेल १६२ नावाचं लहान जेट घाईघाईत उभं करण्यात आलं. धातू वाचवण्यासाठी त्याचे पंख लाकडी होते, आणि डिसेंबरमध्ये प्रात्यक्षिकाच्या वेळी डिंकाचे सांधे सुटून चाचणी वैमानिक ठार झाला. हिटलर युवा संघटनेतल्या किशोरवयीन मुलांना ग्लायडरवर जुजबी शिकवून याच विमानात बसवायचं, अशी योजना होती. प्रत्यक्षात ते मुरलेल्या वैमानिकांनाही आवरायला अवघड निघालं, आणि ती मुलं त्यात बसण्याआधीच युद्ध संपलं.