रानांतील फुलें कशीं वाढतात?

शास्त्रपाठ : मत्तय ६:२८–३०



शुभवर्तमानाचा हा भाग आपल्यापैकीं बहुतेकांस तोंडपाठ आहे. अन्नवस्त्राच्या चिंतेनें गांजलेल्या लोकांस प्रभूनें रानांतील फुलें दाखविलीं, आणि शलमोन राजाच्या सर्व वैभवाहून त्यांचा साज अधिक आहे असें त्यांस सांगितलें. या वचनांवर आम्हीं अनेकदां उपदेश केला आहे. परंतु खरें सांगावयाचें तर त्यांतील एक शब्द आम्हीं आजवर नीट ऐकलाच नव्हता. तो शब्द गेल्या उन्हाळ्यांत हिमालयांतील एका खोऱ्यांत आमच्या कानीं पडला, आणि त्याच वेळीं आमच्या हातून घडलेली एक चूकही आम्हांस दिसून आली. ह्या दोन्ही गोष्टी आज आपणांपुढें ठेवीत आहों.

उत्तराखंड राज्याच्या चमोली जिल्ह्यांत ‘फूलों की घाटी’ या नांवाचें एक खोरें आहे. तेथील मेंढपाळांस तें पूर्वींपासून ठाऊक होतेंच. पण १९३१ सालीं कामेत शिखर चढून परतणारे फ्रँक स्माइथ व त्यांचे सोबती पावसांत एक खिंड उतरून तेथें आले, आणि फुलांनीं भरलेल्या त्या रानांत त्यांचा तळ पडला. स्माइथ साहेबांस त्याचा विसर पडेना. १९३७ सालीं ते पुन्हां तेथें गेले व पुढील वर्षीं त्यांनीं या खोऱ्यावर पुस्तक लिहिलें. तेव्हांपासून त्याची कीर्ति जगभर झाली. १९८२ सालीं तें राष्ट्रीय उद्यान झालें आणि २००५ सालीं जागतिक वारशाच्या यादींत त्याची गणना झाली. पांचशेंहून अधिक जातींचीं फुलझाडें तेथें आहेत. दर वर्षीं जूनच्या पहिल्या तारखेस वाट उघडते व आक्टोबरअखेर बंद होते. खोऱ्यांत रात्रीं राहण्याची किंवा फूल तोडण्याची मोकळीक कोणासही नाहीं.

मुलांच्या शाळा सुरू होण्यापूर्वीं परतावें, या बेतानें आम्ही जूनच्या आरंभींच गेलों. हृषीकेशाहून मोटारीनें गोविंदघाट, तेथून पुलना, आणि पुढें सुमारें दहा किलोमीटर चढण चढून घांघरिया. हें ठिकाण सुमारें दहा हजार फूट उंचीवर आहे. वाटेनें हेमकुंडास जाणारे शीख यात्रेकरू पुष्कळ भेटले. त्यांत वृद्ध होते, लहान मुलें होतीं, आणि कित्येक तर अनवाणी चालत होते. दुसऱ्या दिवशीं पहाटे आम्ही पुष्पावती नदीच्या कडेनें खोऱ्यांत शिरलों.

आणि आमची मोठी निराशा झाली. चित्रांत पाहिलेला फुलांचा गालिचा कोठेंच नव्हता. ओहोळांवर बर्फाचे जाड थर होते. बर्फाखालून नुकतीच मोकळी झालेली जमीन गेल्या वर्षाच्या कुजलेल्या गवतानें तपकिरी दिसत होती. भूर्जवृक्षांस कोवळी पालवी फुटत होती, व वितळत्या बर्फाच्या कडेला जांभळट प्रिम्यूलाचे चार-दोन गेंद तेवढे डोकें वर काढून होते. इतका खर्च, इतकी दगदग, आणि पाहावयास काय, तर चिखल! आम्हीं कुरकुर केली. एवढेंच नव्हे, तर सोबतच्या वाटाड्यास दोष दिला. तो गढवाली तरुण शांतपणें म्हणाला, “साहेब, फुलें आहेतच. आपण त्यांच्यावरच उभे आहां. तीं वर येण्याचे दिवस श्रावणाचे.” मग त्यानें एका ठिकाणीं वांकून कुजलेलें गवत हातानें हळूच बाजूस सारलें. खालीं मातींतून बोटाच्या पेराएवढे तांबूस कोंब वर आले होते. त्यानें गवत पुन्हां होतें तसें झांकून ठेविलें.

तेव्हां प्रभूचा तो शब्द आमच्या कानांत उभा राहिला. फुलें कशीं दिसतात याचा विचार करा, असें प्रभूनें म्हटलें नाहीं. तीं कशीं वाढतात याचा विचार करावयास त्यानें सांगितलें. दिसणें ही डोळ्यांची करमणूक, पण वाढणें हें देवाचें काम. आणि त्यांतील पुष्कळसें काम जेथें कोणाची नजर पोहोंचत नाहीं तेथें होत असतें.

प्रभु ज्या देशांत हें बोलला तेथेंही असेंच आहे. गालीलाच्या टेंकड्या वर्षांतील बराच काळ उन्हानें करपलेल्या असतात. हिवाळ्यांतील पावसानंतर त्या थोडे दिवस तांबड्या-पिवळ्या फुलांनीं भरून जातात, आणि उष्ण वारे सुटले म्हणजे सर्व बहर वाळून जातो. तें वाळलेलें गवत तेथील गरीब लोक भट्टींत जाळण्यास गोळा करीत. प्रभूचे श्रोते राजवाड्यांतील नव्हते. सरपण वेंचणाऱ्या बाया आणि रोजावर जाणारे पुरुष त्याच्यापुढें बसले होते. आज आहे व उद्यां चुलींत आहे असें जें गवत, त्याचीही वाढ देव एवढ्या काळजीनें करतो, हें सरपण वेंचणाऱ्यांस जितकें कळेल तितकें पंडितांस कळणार नाहीं. आपण खेड्यांतील माणसें. हें वचन पहिल्यानें आपल्याच लोकांस सांगितलें गेलें, हें विसरूं नये.

आतां त्या खोऱ्यांत ही वाढ कशी होते तें पाहा. वर्षांतील सुमारें सहा महिने तेथें बर्फ असतो. वाढीस मिळतात ते जेमतेम तीन-चार महिने. एवढ्या अवधींत बियांपासून आरंभ करून फुलणें बहुतेक झाडांस साधत नाहीं. म्हणून अनेक झाडें वरून मरतात पण मुळाशीं जिवंत राहतात. उन्हाळा-पावसाळ्यांत मिळविलेलें अन्न तीं कंदांत व जाड मुळांत सांठवून ठेवितात, आणि कित्येकांच्या पुढील वर्षाच्या कळ्या आदल्या शरदांतच जमिनींत तयार होऊन असतात. वर बर्फ पडतो तो त्या कळ्यांवर घोंगडीसारखा पडतो. बाहेर वारा हाडें गोठवीत असतां त्या घोंगडीखालील माती तितकी गार होत नाहीं. आणि वेळ आली म्हणजे तोच बर्फ पाणी होऊन मुळांस पोसतो. ज्यास आम्ही फुलांचा शत्रु समजलों होतों, तें त्यांचें पांघरूण होतें.

येथें एक सावधगिरी पाहिजे. उपासमार, कर्ज, आजार यांस कोणीं सहज जिभेनें आशीर्वाद म्हणूं नये. त्याच डोंगरांत २०१३ सालच्या जून महिन्यांत महापूर आला. भ्यूंडार गांवाचा नाश झाला, आणि यात्रेकरूंची वाट व पूल वाहून गेले. डोंगर राखतो तसा मारतोही. ज्याच्या घरीं दुःख आहे त्यास शिकविण्यास जाऊं नका, त्याच्याजवळ बसा. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, वर कांहीं दिसत नाहीं म्हणून खालीं कांहीं नाहीं, असा निवाडा देण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

वाटाड्यानें आम्हांस पुढें एका कबरेपाशीं नेलें. जोन मार्गारेट लेग नांवाच्या एक इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ बाई १९३९ सालीं येथें फुलांचे नमुने गोळा करण्यास आल्या होत्या. ४ जुलै रोजीं खडकाळ उतारावर पाय घसरून त्या पडल्या व मरण पावल्या. खोऱ्याचा ऐन बहर अजून यावयाचा होता. पुढें त्यांच्या बहिणीनें येऊन तेथें दगड बसविला. त्यावर १२१ व्या स्तोत्राचें पहिलें वचन कोरलें आहे. पर्वतांकडे डोळे लावणाऱ्या वाटसरूचें तें वचन आपण सर्व जाणतां. ज्या फुलांसाठीं बाई आल्या, त्यांचा पुरा बहर त्या वर्षीं त्यांनीं पाहिला नाहीं. परंतु दर श्रावणांत तीं फुलें त्यांच्या कबरेभोंवतीं उमलतात. आम्ही तेथें टोपी काढून बराच वेळ उभे राहिलों.

तेथेंच आम्हांस आमच्या पत्राची आठवण झाली. आमच्याकडे कांहीं लहान मंडळ्यांच्या देखरेखीचें काम आहे. प्रवासास निघण्यापूर्वीं दोन दिवस आम्हीं एका उपदेशकास पत्र लिहिलें होतें. त्यांची मंडळी सात घरांची. तीन वर्षांच्या अहवालांत आकडा सातच. आम्हीं लिहिलें कीं, आपल्या कामाचें फळ दिसत नाहीं, तरी आपण तेथें राहावें कीं नाहीं याचा विचार करावा. पत्र लिहितांना आम्हांस तें कर्तव्यच वाटलें होतें. त्या कबरेपाशीं कळलें कीं, जूनमध्यें येऊन श्रावणाचीं फुलें मागणारा जसा मूर्ख, तसेच आम्ही. फरक इतकाच कीं वाटाड्याची क्षमा तेथल्या तेथें मागतां आली; पत्र मात्र केव्हांच गेलें होतें.

परत आल्यावर आम्ही त्या गांवीं गेलों. पत्र पोंचलें होतें. उपदेशकांनीं तें शास्त्राच्या पुस्तकांत घडी करून ठेविलें होतें, आणि राजीनाम्याचा मजकूरही लिहून ठेविला होता. आम्हीं त्यांच्या पत्नीच्या समोर क्षमा मागितली, कारण त्या पत्रानें झोंप दोघांचीही गेली होती. रात्रीं आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलों असतां कंदिलाच्या उजेडांत तीन वृद्ध बाया आल्या. त्यांपैकीं एकीनें योहानाच्या शुभवर्तमानावर बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवीत, अर्धें पान वाचून दाखविलें. साठी उलटल्यावर ती वाचावयास शिकली होती. अहवालाच्या कागदावर यासाठीं रकाना नाहीं. आज त्या मंडळींत घरें सातच आहेत, हेंही खरेपणानें सांगितलें पाहिजे. राजीनामा मात्र त्यांनीं फाडून टाकला.

हिमालय कोणास दूर वाटत असेल, तर सह्याद्रीच्या डोंगरांत राहणाऱ्यांनीं आपल्या कारवीकडे पाहावें. कारवी साधारणपणें सात-आठ वर्षांनीं एकदां फुलते. तेव्हां डोंगरचे डोंगर निळे-जांभळे होतात, आणि बीं धरून ती झाडें मरतात. मधलीं वर्षें ती नुसती हिरवी झुडपें. पण त्याच वर्षांत तिच्या काठ्या तोडून गरीब लोक आपल्या झोंपडीचे कूड उभारतात. फुलण्यापूर्वींच ती कोणाच्या तरी घराची भिंत झालेली असते! ज्या मंडळीस बहर आलेला नाहीं, तिनें आपण कोणाची भिंत आहों काय, एवढें स्वतःस विचारावें.

कोणी म्हणेल, देवच वाढवितो, तर आम्हीं करावें काय? त्या खोऱ्यांत गुरेंमेंढरें चारणें बंद झाल्यानंतर एका जातीचें उंच झुडूप फार माजलें व लहान फुलझाडांस दडपूं लागलें. वनखात्याचीं माणसें तें उपटून काढीत असतात. फुलें त्यांनीं निर्माण केलीं नाहींत, पण त्यांस जागा मोकळी करणें हें त्यांचें काम आहे. आपलेंही तितकेंच काम आहे. भाऊबंदकीचें वैर, जुन्या उसनवारीची अढी, एका घरानें दुसऱ्या घरास हिणवणें, हें तण आपल्या मंडळ्यांत माजतें. तें उपटावें, आणि कोवळ्या कोंबावर पाय पडणार नाहीं असें चालावें.

उपदेशक बंधूंनो, आपला अहवाल लिहितांना खिन्न होऊं नका. आणि जे अहवाल वाचतात त्यांनीं लेखणी उचलण्यापूर्वीं एकदां गुडघे टेंकावे. आईबापांनो, जो मुलगा प्रार्थनेस येत नाहीं त्याच्याविषयीं अखेरचा निकाल देऊं नका. घरांतून बाहेर जातांना तो दार उघडें पाहून गेला, तर परत येतांना त्यास वाट सांपडेल.

ज्या पित्यानें उंच डोंगरांत बर्फाखालीं कळी राखिली, तो आपल्या लहान मंडळ्यांसही राखो. आम्हांस पाहण्याची घाई आहे. तो आम्हांस वाट पाहण्याचें बळ देवो. आणि घाईनें आम्हीं कोणाचें मन मोडलें असेल, तर पत्र पोंचण्यापूर्वीं आम्हांस त्याच्या दारीं पोंचण्याची बुद्धि देवो. आमेन.